भाषा पुढे, पुस्तक मागे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या संगणकवर्गात इयत्ता नववीतील एक मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेले एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. पायथन नावाच्या संगणकभाषेचे ते पुस्तक होते. बांधणी मजबूत, कागद चांगला, आणि किंमत, त्याच्या वडिलांच्या सांगण्याप्रमाणे, वजनावर ठरलेली. पहिल्याच प्रकरणात एक ओळ होती: प्रिंट हा शब्द, पुढे थोडी मोकळी जागा, आणि अवतरणचिन्हांत एक अभिवादन. मुलाने ती अक्षरशः उतरविली. यंत्राने ती नाकारली. त्याने पुन्हा लिहिली, यंत्राने पुन्हा नाकारली. तिसऱ्या खेपेस त्याने आम्हांस हाक मारली, आणि आम्ही दुसऱ्या टेबलापाशी गुंतलेलो असल्यामुळे तेथूनच, "नीट बघून लिही, घाई करू नकोस," असे सांगून मोकळे झालो. अर्ध्या तासाने तो जवळ येऊन म्हणाला, "सर, हे माझ्याच्याने व्हायचे नाही."

तेव्हा कोठे आम्ही पुस्तक हाती घेतले. मुलाने उतरविलेली ओळ पुस्तकाबरहुकूम होती. पुस्तकही छापले गेले त्या वर्षी बिनचूकच होते. बदलली होती ती भाषा. यंत्र बिचारे पडद्यावर इंग्रजीत सांगत होते की कंस राहिला आहे. परंतु पुस्तकात कंस नव्हता, आणि छापील अक्षरावर मुलाचा विश्वास यंत्रापेक्षा अधिक होता. या तिघांत चूक कोणाची, असा प्रश्न पडला तेव्हा त्याने ती स्वतःच्या माथी घेतली. आम्ही दिलेल्या उपदेशाने त्यास दुजोराच मिळाला, ही गोष्ट आमच्या मनास अजून टोचते, आणि प्रस्तुत लेखाचे कारणही तेच आहे.

मनुष्याची भाषा कोणी ठराव करून बदलीत नाही. ती ओढ्याच्या पात्रासारखी हळूहळू सरकते, आणि आजोबांचे मराठी नातवास थोडे जुने वाटले तरी दोघांचे बोलणे अडत नाही. ऐकणारा समजून घेतो. संगणकाच्या भाषेची रीत निराळी. तिच्यात बदल होतो तो वादविवाद होऊन, ठराव होऊन, अमुक तारखेस, अमुक क्रमांकाच्या आवृत्तीत. आणि ऐकणारा जो संगणक, त्यास समजून घेणे हा प्रकारच ठाऊक नाही. एक कंस राहिला की व्यवहार बंद. म्हणून अशा भाषेबरोबर तिचे माहितीपुस्तक, लोक ज्यास डॉक्युमेंटेशन म्हणतात ते, असावेच लागते, आणि भाषा जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळा तेही बदलावे लागते. हे काम कसे चालते आणि कोठे अडते, ते पायथनच्याच उदाहरणावरून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम हे डच गृहस्थ. ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत काम करीत असता १९८९ च्या नाताळच्या सुटीत त्यांनी या भाषेस आरंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांस खुली केली. भाषेचे नाव एका ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून ठेविले आहे. अजगराशी तिचा काही संबंध नाही, जरी अनेक पुस्तकांच्या वेष्टनावर अजगर वेटोळे घालून बसलेला दिसतो. हल्ली ही भाषा जगभर चालते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात तीच नेमलेली आहे, त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ मुलांची संगणकाशी पहिली ओळख तिच्यामार्फतच होते. २०२० मध्ये आवृत्ती ३.९ निघाली तेव्हापासून दर वर्षी ऑक्टोबर महिन्यात एक नवी आवृत्ती काढावयाची असा शिरस्ता पडला आहे, आणि प्रत्येक आवृत्तीची देखभाल सुमारे पाच वर्षे केली जाते. नवे पंचांग घरी आले की जुने आपण माळ्यावर टाकतो. येथे मात्र पाच वर्षांची पंचांगे एकाच वेळी भिंतीवर टांगलेली असतात, आणि ज्याने त्याने आपले कोणते ते ओळखून तिथी पाहावयाची असते.

या भाषेचे माहितीपुस्तक एक नव्हे. नवशिक्यासाठी पाठमाला आहे. भाषेचे नियम काटेकोरपणे सांगणारे व्याकरण आहे. भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार साधनांची माहिती देणारा एक भला मोठा संदर्भग्रंथ आहे. एकेक विषय घेऊन लिहिलेल्या पुस्तिका आहेत. शिवाय २००० साली आवृत्ती २.० निघाली तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीबरोबर 'नवे काय' अशा अर्थाचे एक प्रकरण प्रसिद्ध होते. भाषेत एखादी नवी सोय आली की ती या सर्वांत निरनिराळ्या पोशाखात शिरावी लागते. व्याकरणास नियम हवा, पाठमालेस सोपे उदाहरण हवे, 'नवे काय' या प्रकरणास बातमी हवी. एकच मजकूर सगळीकडे उतरवून भागत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात आवृत्ती ३.१० निघाली तेव्हा हे काम कसे करावे याचा एक चांगला नमुना पाहावयास मिळाला. त्या आवृत्तीत, दिलेली वस्तू कोणत्या नमुन्याशी जुळते ते पाहून त्याप्रमाणे पुढील वाट धरण्याची एक नवी रचना भाषेत आली. पायथनमध्ये कोणताही मोठा बदल करावयाचा तर आधी क्रमांक घातलेला लेखी प्रस्ताव मांडावा लागतो; ही प्रथा २००० सालापासून चालू आहे. या एका रचनेसाठी तीन प्रस्ताव मांडले गेले. ६३४ क्रमांकाच्या प्रस्तावात नियम, ६३५ मध्ये कारणमीमांसा, आणि ६३६ हा तर निव्वळ एक पाठच होता. म्हणजे सोय मान्य होण्यापूर्वीच ती शिकवावयाची कशी हे लिहून तयार होते. अशा प्रस्तावांसाठी जो नमुना ठरवून दिला आहे त्यात 'हे कसे शिकवावे' या अर्थाचा एक मथळाच आहे. आमच्यासारख्या शिक्षकांस हा मथळा फार आवडला. पुष्कळ सरकारी योजनांच्या कागदांवरही तो असता तर बरे झाले असते.

परंतु नवे पान लिहिणे हा कामाचा सोपा भाग होय. ज्याने नवी सोय घडविली त्यास तिचा अभिमान असतो आणि तो तिच्याविषयी आनंदाने चार शब्द लिहितो. अवघड आहे ते, या नव्या सोयीमुळे जुन्या पानांपैकी कोणती खोटी पडली हे हुडकून काढणे. जुन्या पानास वाली नसतो. ते ज्याने लिहिले तो कदाचित दहा वर्षांपूर्वीच दुसऱ्या उद्योगास लागलेला असतो. पान मात्र तेथेच असते, आणि पूर्वीच्याच आत्मविश्वासाने वाचकास वाट दाखवीत राहते.

जुन्या पानाच्या खोटेपणाचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार बोभाटा करणारा. आमच्या विद्यार्थ्याची प्रिंटची ओळ या जातीची. पायथनच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे ज्या आवृत्त्यांचा क्रमांक दोनने सुरू होतो त्यांत, प्रिंटपुढे कंस लागत नसे. ३ डिसेंबर २००८ रोजी आवृत्ती ३.० निघाली तेव्हापासून तो सक्तीचा झाला. जुनी ओळ लिहिली की यंत्र थांबते आणि निदान काही तरी बिघडले आहे एवढे तरी कळते. दुसरा प्रकार मुका, आणि आमच्या मते तोच अधिक घातक. दुसऱ्या पिढीत ७ भागिले २ असे लिहिले तर उत्तर ३ येई. दोन्ही संख्या पूर्णांक असल्यामुळे भागाकारही पूर्णांकच धरीत आणि अर्धा भाग टाकून देत. तिसऱ्या पिढीत तेच लिहिले असता उत्तर ३.५ येते, आणि केवळ पूर्णांक हवा असेल तर भागाकाराची तिरपी रेघ दोनदा काढावी लागते. आता समजा, सात मुलांस दोघादोघांच्या जोड्यांनी बाकांवर बसवावयाचे आहे आणि पूर्ण जोड्या किती होतील ते जुन्या पुस्तकावरून काढावयाचे आहे. यंत्र कोणतीही तक्रार न करता साडेतीन जोड्या असे उत्तर देईल. येथे हिशेब इतका लहान आहे की आपणांस हसू येते. हजारो ओळींच्या हिशेबाच्या पोटात असा अर्धा शिरला तर तो कोणास दिसणार? ज्याचे यंत्र अडते तो शिक्षकास हाक तरी मारतो.

मग ही खोटी पडलेली पाने शोधावयाची कशी? काही भाग यंत्राकडूनच करून घेता येतो. टिम पीटर्स या गृहस्थांनी डॉकटेस्ट नावाचे एक साधन तयार केले आणि २००१ साली आवृत्ती २.१ बरोबर ते भाषेत समाविष्ट झाले. त्यातील कल्पना मोठी सुरेख आहे. माहितीपुस्तकात उदाहरण छापताना आपण वर आज्ञा लिहितो आणि खाली तिचे उत्तर लिहितो, नाही का? डॉकटेस्ट हे पान वाचते, आज्ञा खरोखरच चालवून पाहते, आणि येणारे उत्तर पानावरील उत्तराशी अक्षरशः ताडून पाहते. जुळले नाही तर त्या ओळीवर बोट ठेवते. गणिताच्या पुस्तकातील शेवटची उत्तरे दर वर्षी कोणी तरी स्वतः सोडवून तपासावी, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की हा तपासनीस थकत नाही. पायथनची माहितीपुस्तके बदलली जातात तेव्हा त्यांतील उदाहरणांची अशी तपासणी होते. रस्ट नावाच्या दुसऱ्या एका भाषेतही पुस्तकातील उदाहरणे प्रोग्रामाच्या चाचण्यांबरोबरच चालवून पाहण्याची सोय आहे.

तथापि डॉकटेस्टला वाचता येते ते उदाहरण. त्याच्या वर-खाली जे गद्य असते ते त्यास कळत नाही. याचे जे उदाहरण आम्हांस ठाऊक आहे ते जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे.

पायथनमध्ये डिक्शनरी म्हणून एक वस्तू आहे. एका बाजूस नाव आणि दुसऱ्या बाजूस त्याची माहिती, अशा जोड्या तीत ठेवतात. उदाहरणार्थ विद्यार्थ्याचे नाव आणि त्याचा हजेरीक्रमांक. नाव विचारले की क्रमांक तत्काळ मिळतो. पूर्वी या वस्तूत एक चमत्कारिक गुण होता. तुम्ही नावे ज्या क्रमाने आत घालाल त्याच क्रमाने ती बाहेर येतील याचा भरवसा नसे. नवशिके गोंधळत, म्हणून पाठमालेत स्पष्ट लिहिलेले होते की डिक्शनरी म्हणजे क्रम नसलेल्या जोड्यांचा संच समजावा. विधान खरे होते आणि उपयुक्तही होते.

पुढे रेमंड हेटिंगर यांनी डिक्शनरीची आतील मांडणी निराळ्या तऱ्हेने करण्याची कल्पना मांडली, आणि इनादा नाओकी यांनी ती पायथनच्या मुख्य प्रोग्रामात उतरविली. डिसेंबर २०१६ मध्ये निघालेल्या आवृत्ती ३.६ मध्ये ती आली. उद्देश होता जागा वाचविण्याचा, आणि डिक्शनरीस लागणारी स्मृती त्यामुळे २० ते २५ टक्क्यांनी कमी झाली. परंतु त्या मांडणीमुळे आणखी एक गोष्ट आपोआप घडून आली: नावे ज्या क्रमाने घातली त्याच क्रमाने बाहेर येऊ लागली. ही सोय आहे असे तेव्हा कोणी म्हटले नाही. उलट त्या आवृत्तीच्या 'नवे काय' प्रकरणात वाचकांस बजावून सांगितले होते की हा क्रम म्हणजे आतील मांडणीचा एक परिणाम आहे, त्यावर विसंबू नये. डोळ्यांस क्रम दिसत असता पुस्तक म्हणते, विसंबू नका! पण हे बजावणे आम्हांस फार प्रामाणिकपणाचे वाटते. पायथन ही भाषा चालविणारे प्रोग्राम एकाहून अधिक आहेत, आणि एका प्रोग्रामात आज घडते ते वचन समजून लोकांनी त्यावर घर बांधले तर उद्या कोणासच ती मांडणी बदलता येणार नाही. घडणारी गोष्ट आणि वचन दिलेली गोष्ट यांतील भेद पुस्तकावाचून दुसरे कोण सांगणार?

जून २०१८ मध्ये आवृत्ती ३.७ निघाली तेव्हा मात्र हा क्रम भाषेचा नियम म्हणून जाहीर झाला. वरपांगी पाहता काहीच बदलले नव्हते. काल क्रम राखला जात होता, आजही राखला जात होता. बदलले होते ते वचन. आणि त्या क्षणी पाठमालेतील 'क्रम नसलेला' हा शब्द खोटा पडला. कोणतेही उदाहरण मोडले नाही, कोणतीही चाचणी हुकली नाही, यंत्र काही बोलले नाही. तो शब्द मनुष्यानेच शोधून काढावयाचा होता, आणि तो आज तेथे नाही.

पण काम एका शब्दाने संपले नाही. क्रम लक्षात ठेवणारी एक वेगळी डिक्शनरी पूर्वीपासून तयार साधनांत होती आणि तिचे स्वतंत्र पान होते. साधी डिक्शनरीच क्रम राखू लागल्यावर हिचे प्रयोजन काय उरले? त्या पानावर आता मोकळेपणाने लिहिले आहे की या साधनाचे महत्त्व पूर्वीइतके राहिले नाही, आणि दोहोंत अद्याप कोणते फरक आहेत त्यांची यादीही पुढे दिली आहे. स्वतःचे महत्त्व कमी झाल्याचे स्वतःच सांगणारे पान आम्ही अन्यत्र क्वचितच पाहिले आहे. सर्वांत मौज तर पुढेच आहे. पुस्तकातील उदाहरणे तपासणारे जे डॉकटेस्ट, त्याच्याच माहितीच्या पानावर एक इशारा होता: डिक्शनरी छापून दाखविणारे उदाहरण लिहू नका, कारण क्रमाचा भरवसा नाही. तेथे हॅरी आणि हर्मायनी यांची नावे घालून असे धोक्याचे उदाहरण कसे दिसते तेही दाखविले होते. म्हणजे दुसऱ्यांची शिळी पाने पकडणाऱ्याचे स्वतःचे पानच शिळे झाले! पुढे तेथील डिक्शनरी काढून सेट नावाची वस्तू उदाहरणास घेतली गेली, कारण सेटमध्ये क्रमाचा भरवसा आजही नाही, आणि डिक्शनरीविषयी पूर्वी काय स्थिती होती तेवढी एक टीप ठेविली गेली.

एका वचनाची इतकी पाने. एखादा नवा नियम लागू केला म्हणजे शाळेची जुनी परिपत्रके, वर्गातील फलक, प्रवेशपत्रकाची मागील बाजू, असे किती ठिकाणी जुना नियम चिकटून राहिलेला असतो, याचा अनुभव आमच्या कचेरीतील मंडळींस आहे. त्यांस वरील हकीकत ऐकविली तेव्हा त्यांनी नुसती मान हलविली.

जुन्या आवृत्त्या चालू असताना नवे पान लिहावयाचे तर जुने सगळे पुसूनही टाकता येत नाही. याकरिता पायथनच्या पुस्तकांत तीन खुणा ठरविल्या आहेत. एखाद्या साधनाच्या माहितीखाली लहान अक्षरांत लिहितात: हे अमुक आवृत्तीपासून आले, किंवा, याचे वर्तन अमुक आवृत्तीत बदलले, किंवा, हे आता वापरू नये, अमुक आवृत्तीपासून ते निवृत्तीच्या वाटेवर आहे. या ओळी पुष्कळ विद्यार्थी सोडून देतात. विद्यार्थिमित्रहो, सोडू नका. घरचा संगणक जुना आणि शाळेतील नवा असेल, तर घरी चालत नाही ते शाळेत का चालते, याचे उत्तर बहुधा याच बारीक अक्षरांत दडलेले असते.

हे सर्व लिहितो कोण? बहुतांशी स्वयंसेवक. पूर्वी ही पुस्तके लाटेख नावाच्या अक्षरजुळणीच्या पद्धतीत लिहिलेली होती आणि ती पद्धत शिकल्याशिवाय साधा शुद्धलेखनाचा दोषही दुरुस्त करणे अवघड होते. २००७ मध्ये गेओर्ग ब्रांडल यांनी ती सगळी साध्या मजकुरासारख्या दिसणाऱ्या एका सोप्या खुणापद्धतीत आणिली. त्यासाठी त्यांनी केलेले स्फिंक्स हे साधन २००८ मध्ये सर्वांस खुले झाले आणि आज इतर कितीतरी प्रकल्प तेच वापरतात. २०१७ साली पायथनचे काम गिटहब या ठिकाणी गेले. तेव्हापासून कोणाही वाचकास चुकीची ओळ दुरुस्त करून ती विचारार्थ पाठविता येते. शिळे पान प्रथम ज्यास बोचते तो वाचक. दुरुस्तीचे दार त्याच्या जितके जवळ तितके पान लवकर सुधारते. दार लांब असेल तर तो कुरकुरतो आणि निघून जातो.

कधी कधी ठिगळे लावून भागत नाही. एकाच वेळी अनेक कामे हाती ठेवून जे काम थांबलेले नसेल ते पुढे ढकलण्याची एक पद्धत, एसिंकआयओ या नावाने, २०१४ साली आवृत्ती ३.४ मध्ये आली. दुसऱ्या वर्षी आवृत्ती ३.५ मध्ये तिच्यासाठी भाषेतच नवे शब्द आले, आणि ३.७ मध्ये ती सुरू करण्याची आणखी सोपी रीत आली. पानांवर थरावर थर चढत गेले, आणि वाचकास आरंभ कोठून करावा हेच कळेनासे झाले. अखेर २०१८ मध्ये युरी सेलिवानोव्ह प्रभृतींनी ती पाने नव्याने लिहून काढली, आणि सामान्य वाचकास लागणारा भाग एकीकडे व आतील यंत्रणेचा भाग दुसरीकडे असा वेगळा केला. घरास रंग देणे आणि भिंत पाडून पुन्हा बांधणे यांत जो फरक, तोच येथे. सर्व पानांचे असे करू म्हटल्यास मनुष्यबळ पुरणार नाही; कोणते पान पाडावयाचे हे ठरविण्यातच लेखकाची पारख दिसते.

भाषांतरांची गोष्ट थोडक्यात सांगतो. जपानी, फ्रेंच, कोरियन, स्पॅनिश इत्यादी भाषांत ही पुस्तके निघतात, आणि मूळ इंग्रजी पान बदलले की भाषांतर मागे पडते. अशा वेळी काय करावे? त्यांची व्यवस्था अशी आहे की ज्या परिच्छेदाचे मूळ बदलले, तो नवे भाषांतर होईपर्यंत इंग्रजीतच दिसतो. एका पानावर दोन भाषा दिसणे काही शोभिवंत नाही. पण स्वभाषेतील गोड आणि चुकीच्या परिच्छेदापेक्षा परभाषेतील बरोबर परिच्छेद पत्करला, असा तो निवाडा आहे, आणि मराठीत शास्त्रीय पुस्तके काढू पाहणाऱ्या कोणासही त्यावर विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. आम्हांस तो निवाडा पटतो, जरी तो करताना मनास थोडे वाईट वाटते.

दुसऱ्या पिढीच्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. तिची माहितीपुस्तके मात्र पुसून टाकलेली नाहीत. जुने प्रोग्राम सांभाळणाऱ्यांस ती लागतात. त्या पानांच्या माथ्यावर आता एक ठळक सूचना असते की ही जुनी आवृत्ती आहे, तिला आधार राहिलेला नाही, नव्या आवृत्तीची पाने वाचावी. पडद्यावरील पानास अशी पाटी लावता येते. रद्दीच्या दुकानातून वजनावर आलेल्या पुस्तकास ती कोण लावणार?

आमच्या त्या विद्यार्थ्याने हे काम आपल्या अंगावर घेतले. पुस्तक फेकून दे, असे त्यास एकाने सुचविले होते. त्याने ते शाळेच्या संगणकवर्गास देऊन टाकले, परंतु देण्यापूर्वी दोन महिने खपून प्रत्येक प्रकरण यंत्रावर चालवून पाहिले. वेष्टनाच्या आत त्याने तांबड्या शाईने लिहिले आहे की हे पुस्तक दुसऱ्या पिढीचे आहे. पुढे समासात त्याच्या टिपा आहेत. प्रिंटपुढे कंस घालावा. भागाकाराची रेघ दोनदा काढावी, आणि शेजारी साडेतीन जोड्यांचे एक चित्र, ज्यात अर्धा मुलगा बाकावर बसलेला आहे. वाचकाकडून मजकूर घेण्यासाठी पुस्तकात रॉ-इनपुट असा शब्द आहे तेथे त्याने केवळ इनपुट असा केला आहे. रेंज या शब्दाचे उदाहरण आहे त्या पानावर प्रथम नुसते प्रश्नचिन्हच होते: पुस्तकात शून्यापासून चारपर्यंतच्या आकड्यांची यादी छापलेली आहे, आणि यंत्र मात्र रेंज, शून्य, पाच एवढेच परत बोलून दाखविते. हा प्रश्न त्याने आम्हांस विचारला. या खेपेस आम्ही नीट बघून लिही असे न म्हणता खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो, आणि दोघांनी मिळून संदर्भग्रंथातील रेंजचे पान काढिले. तिसऱ्या पिढीत रेंज आकड्यांची यादी आगाऊ तयार करून ठेवीत नाही, मागू तसतसा एकेक आकडा देते, असे तेथे निघाले. प्रश्नचिन्हाखाली आता तेवढी ओळ आहे, आणि तिच्यापुढे त्याने आवृत्तीचा क्रमांक आणि त्या दिवसाची तारीख घातली आहे.